मिनिफाइड जावास्क्रिप्ट: सोर्स खुला आहे म्हणे, पण वाचता येतो का?

सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर लागोपाठ दोन मोठे हल्ले झाले. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररींचं गोदाम. वेबसाइट असो, फोनवरचं अॅप असो की बँकेचं पोर्टल, बनवणारे बहुतेक जण इथूनच माल उचलतात. ८ सप्टेंबरला ‘चॉक’, ‘डीबग’ यांच्यासह १८ पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या तिथे चढवल्या गेल्या. ही पॅकेजेस मिळून आठवड्याला २०० कोटींहून जास्त वेळा डाउनलोड होतात. त्यानंतर आठवडाभरातच ‘शाय-हुलुद’ नावाचा वर्म आला. तो एका पॅकेजमधून दुसऱ्यात आपोआप पसरत ५०० हून जास्त पॅकेजेसमध्ये पोचला. नोव्हेंबरमध्ये त्याची दुसरी लाटही येऊन गेली.

बातम्यांचा भर पासवर्डवर आणि फसव्या ईमेलवर होता. ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट मागे राहिली. दोन्ही वेळा घातक कोड त्या प्रोजेक्टच्या सोर्समधून आला नव्हता, तो थेट एनपीएमवरच्या पॅकेजमध्ये घुसडला होता. शाय-हुलुदचा कोड तर ‘बंडल डॉट जेएस’ नावाच्या मोठ्या, दाबून बसवलेल्या फाईलमध्ये होता. असल्या नावाची फाईल हजारो प्रोजेक्टमध्ये असते आणि ती उघडून कुणीच वाचत नाही, कारण ती वाचण्यासाठी बनलेलीच नसते.

लिनक्सच्या जगात काही लोक गेली अनेक वर्षं याच फाईलवरून भांडतायत. डेबियन, फेडोरा, गिक्स यांच्यासाठी पॅकेजेस बनवणारे हे स्वयंसेवक. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे: मिनिफाइड फाईल म्हणजे सोर्स नव्हे, ती आम्ही स्वतः सोर्सपासून बनवू. बऱ्याच डेव्हलपरना हा हट्ट वाटतो. मला तो आता हट्ट वाटत नाही. का, ते बघू.

मिनिफाय म्हणजे नेमकं काय?

समजा तुम्ही बिल काढणारं एक छोटं फंक्शन लिहिलं. त्यात ‘किंमत’, ‘नग’, ‘सूट’ अशी व्हेरिएबल्स आहेत, मध्ये मोकळ्या ओळी आहेत, आणि ‘सूट आधी वजा करायची, जीएसटी नंतर लावायचा’ अशी एक टीपही आहे. माणसाला हे सगळं लागतं. ब्राउझरला यातलं काहीच लागत नाही. मिनिफायर नावाचं टूल टिपा उडवतं, मोकळ्या जागा काढतं, ‘किंमत’चं ‘ए’ आणि ‘नग’चं ‘बी’ करतं आणि सगळा कोड एका लांबलचक ओळीत कोंबतं. काम तेच होतं, फाईल मात्र लहान होते.

किती लहान? जेक्वेरीच्या ३.७.१ आवृत्तीची साधी फाईल सुमारे २८५ केबी आहे, मिनिफाइड फाईल सुमारे ८७ केबी. एसटीत बसून एका काडीच्या नेटवर्कवर साइट उघडणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. त्यामुळे मिनिफाय करण्यात चूक काहीच नाही. मिनिफाय न केलेला कोड लाखो फोनवर पाठवणं हाच उलट आळशीपणा ठरेल.

अडचण सुरू होते ती ही छोटी फाईल मूळ फाईलच्या जागी जाऊन बसते तेव्हा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये फक्त ‘मिन डॉट जेएस’ पडलेली असते. मूळ फाईल कुठली होती, कुठल्या आवृत्तीची होती, कुणी मिनिफाय केली, मध्ये कुणी काही बदललं का, याचा पत्ता नसतो. लायसन्स मात्र एमआयटी किंवा जीपीएल, म्हणजे कागदोपत्री सगळं ‘ओपन सोर्स’.

‘सोर्स’ कशाला म्हणायचं?

याचं सगळ्यात नेमकं उत्तर जीपीएल लायसन्सच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. त्याचा अर्थ असा: ज्यात बदल करायचा असेल तेव्हा माणूस ज्या स्वरूपाला हात घालेल, ते स्वरूप म्हणजे सोर्स. ही व्याख्या मला आवडते, कारण ती फाईलचं नाव विचारत नाही. ‘डॉट जेएस’ आहे, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, म्हणून ती सोर्स, असं ती म्हणत नाही. जिने कोड लिहिला तिला उद्या बग काढायचा असेल तर ती कुठली फाईल उघडेल? मिनिफाइड नक्कीच नाही.

डेबियनचे मुक्त सॉफ्टवेअरचे निकष १९९७ पासून लागू आहेत आणि त्यातही प्रोग्रॅमसोबत सोर्स असलाच पाहिजे ही अट आहे. फेडोराचे नियम आणखी थेट आहेत: जावास्क्रिप्ट लायब्ररी मिनिफाय करून द्यायची असेल तर ते काम पॅकेज बनवतानाच झालं पाहिजे, आधीच मिनिफाय करून आलेली फाईल चालणार नाही.

हा नुसता तत्त्वाचा वाद आहे असं मलाही कॉलेजात वाटायचं. मग एकदा एका छोट्या मुक्त प्रोजेक्टमध्ये तारीख निवडायच्या कॅलेंडरला मराठी महिने आणि देवनागरी आकडे बसवायला घेतले. काम तासाभराचं होतं. पण त्या फोल्डरमध्ये कॅलेंडरची फक्त मिनिफाइड फाईल होती, आवृत्तीचा आकडाही नव्हता. मूळ लायब्ररी शोधली तर तिच्या कुठल्याच आवृत्तीशी ती फाईल जुळेना, कारण कुणीतरी मध्येच हाताने काहीतरी बदललं होतं. दोन रविवार घालवले आणि शेवटी ते कॅलेंडर काढून दुसरं लावलं. लायसन्सने मला बदल करायचा पूर्ण हक्क दिला होता, पण तो वापरायला जे लागतं तेच तिथे नव्हतं.

२०१८: जेव्हा दोन फाईली वेगळ्या निघाल्या

कॅलेंडरमध्ये फार तर वेळ गेला. पण सोर्स आणि मिनिफाइड फाईल यांच्यातल्या फटीत कुणी मुद्दाम काही लपवलं तर? हे घडून गेलंय.

‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाची एक लोकप्रिय लायब्ररी होती. तिच्या मूळ लेखकाला ती सांभाळायला वेळ नव्हता. एका अनोळखी माणसाने मदतीची तयारी दाखवली आणि त्याला अधिकार मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचं एक छोटं पॅकेज इव्हेंट-स्ट्रीमला जोडलं. त्यात तेव्हा वावगं काही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये त्या छोट्या पॅकेजची ०.१.१ ही आवृत्ती आली आणि खेळ तिथे झाला.

गिटहबवरचा सोर्स स्वच्छ होता. पॅकेजमधली साधी ‘इंडेक्स’ फाईलही स्वच्छ होती. घातक कोड जागा करणारा भाग होता मिनिफाइड फाईलमध्ये, आणि प्रोग्रॅम चालताना वापरली जायची तीच. सोर्स तपासणाऱ्याला काही सापडलंच नसतं.

नेमही बारीक धरला होता. तो कोड ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटच्या आतच जागा व्हायचा, बाकी सगळीकडे गप्प बसायचा. वॉलेटमध्ये १०० हून जास्त बिटकॉइन असतील तर चाव्या चोरायचा. पकडला गेला तो योगायोगाने: त्यात एक जुनं, बाद होत चाललेलं एन्क्रिप्शन फंक्शन वापरलं होतं आणि त्यामुळे काही डेव्हलपरच्या स्क्रीनवर इशारा दिसू लागला. तो इशारा कुठून येतोय हे शोधता शोधता नोव्हेंबरमध्ये सगळं बाहेर आलं.

आता कल्पना करा, एखाद्या पॅकेज बनवणाऱ्याने नियम पाळला असता तर काय झालं असतं. आलेली मिनिफाइड फाईल फेकून द्यायची, सोर्समधून नवी बनवायची, एवढंच. त्याला हल्ल्याची कल्पना नसती, त्याने एक ओळही वाचली नसती, तरी विष त्याच्या पॅकेजमध्ये आलं नसतं. ज्या सोर्समध्ये ते नव्हतंच, त्यातून ते तयार कसं होणार? मला हा नियम पटला तो याच कारणाने. त्याला हुशारी लागत नाही, शिस्त लागते.

पॅकेज बनवणारे प्रत्यक्षात काय करतात?

पहिली पायरी, फाईल ओळखणं. डेबियनमध्ये ‘लिंटियन’ नावाचं तपासणीचं टूल आहे. अतिलांब ओळींची जावास्क्रिप्ट दिसली आणि सोबत मूळ फाईल नसली तर ते ‘सोर्स गायब’ अशी खूण करतं.

दुसरी पायरी, ती फाईल काढून टाकणं. सोर्सचा गठ्ठा अशा फाईली वगळून पुन्हा बांधला जातो. उबंटू किंवा डेबियन वापरत असाल तर काही पॅकेजेसच्या आवृत्तीच्या आकड्यामागे ‘प्लस डीएफएसजी’ असं शेपूट दिसेल. निकषात न बसणारं काहीतरी काढून हा गठ्ठा नव्याने बांधलाय, अशी ती खूण. काढलेलं काहीतरी बऱ्याचदा मिनिफाइड जावास्क्रिप्टच असतं.

तिसरी पायरी, पर्याय देणं. जेक्वेरीसारखी लायब्ररी असेल तर सिस्टीममध्ये आधीच असलेल्या जेक्वेरीच्या पॅकेजशी जोडून देतात. ते जमत नसेल तर त्याच आवृत्तीची मूळ फाईल शोधून आणतात आणि पॅकेज बनवताना मिनिफाय करतात. गिक्समध्ये आर भाषेच्या बऱ्याच पॅकेजेसबाबत हेच होतं. आकडेवारीची ही पॅकेजेस, पण आलेख दाखवायला आत मिनिफाइड जावास्क्रिप्ट भरलेली असते. ती काढून मूळ फाईलवर ‘ईएसबिल्ड’ हे टूल चालवलं जातं.

जोडून देण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. जेक्वेरीत सुरक्षेचं भोक सापडलं तर एकच पॅकेज दुरुस्त करायचं, तिला जोडलेले सगळे प्रोग्रॅम एकदम दुरुस्त होतात. पन्नास प्रोग्रॅमनी आपापल्या पोटात पन्नास मिनिफाइड प्रती ठेवल्या असतील तर आधी त्या शोधा, मग एकेक बदला.

मग सगळेच असं का करत नाहीत?

कारण काम भयंकर किचकट आहे.

एक फाईल मिनिफाय करणं सोपं असतं. पण आजचा प्रोजेक्ट एका फाईलचा नसतो. टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेले शेकडो तुकडे एकत्र करून बंडल बनतं आणि ते बनवायला जी टूल्स लागतात त्यांना स्वतःच्या शेकडो लायब्ररी लागतात. नियम काटेकोर पाळायचा तर त्या प्रत्येकीचं पॅकेज आधी बनवायला हवं. एका छोट्या वेब अॅपसाठी म्हणून सुरुवात करायची आणि महिनाभराने बघावं तर आपण अजून टूलच्या टूलच्या टूलपाशीच अडकलेले!

वर कोंबडी आधी की अंडं, हा घोळ आहेच. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला, म्हणजे तो बनवायला आधीचा बनलेला कंपायलर हवा. बॅबेलला बॅबेल लागतं, रोलअपला रोलअप. साखळीत कुठेतरी एक तयार, न वाचता येणारी फाईल ‘विश्वास ठेवा’ म्हणून उभी असतेच.

इथे मात्र वारं थोडं बदलतंय. ईएसबिल्ड गो भाषेत लिहिलंय, त्यामुळे ते बनवायला जावास्क्रिप्टच्या त्या जंजाळात शिरावं लागत नाही. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्टचा कंपायलरही गो भाषेत नेत असल्याची घोषणा केली. त्यांना वेग हवा होता, सोर्सपासून बांधणी हा त्यांचा हेतू नव्हता. पण पॅकेज बनवणाऱ्यांसाठी त्यामुळे कोंबडी-अंड्याची एक मोठी गाठ सुटण्याची शक्यता आहे.

एक गमतीशीर अडथळाही सांगतो. मिनिफाय करणारं टूलही मुक्त हवं ना? डग्लस क्रॉकफर्ड यांचं ‘जेएसमिन’ हे जुनं, नावाजलेलं टूल. त्याच्या लायसन्समध्ये एक अट होती: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरा, वाईट कामासाठी नको. ऐकायला छान! पण वापरावर बंधन आलं की मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या मोडते, कारण चांगलं काय हे ठरवणार कोण? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अशा लायसन्सला मुक्त मानत नाही. त्यामुळे दुसरी टूल्स शोधावी लागली.

समोरच्या बाजूचं म्हणणं

डेव्हलपरची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, ‘आम्ही जी फाईल तपासून दिली तीच वापरा. तुम्ही वेगळ्या टूलने, वेगळ्या आवृत्तीने बनवलेल्या फाईलमध्ये बग आला तर लोक आम्हालाच शिव्या घालतात.’ हे खोटं नाही. सिस्टीमच्या जेक्वेरीशी जोडल्यावर बटणं चालेनाशी झाल्याचे प्रकार होतात. शिवाय स्वयंसेवकांचा वेळ मर्यादित आहे. फेडोरानेही पुढे नोड डॉट जेएसच्या पॅकेजेसना लागणाऱ्या लायब्ररी सोबत बांधून द्यायची मुभा दिली, कारण प्रत्येकीचं वेगळं पॅकेज सांभाळणं हाताबाहेर गेलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सोर्समध्येच विष असेल तर? खरं आहे, मग पुन्हा बनवून उपयोग नाही. पण मार्च २०२४ चं ‘एक्सझेड’ प्रकरण आठवा. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला रिमोट लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यातून ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधलं चोरदार उघडकीला आलं. त्या हल्ल्याचा मुख्य माल टेस्टच्या बायनरी फाईलींत लपवला होता, म्हणजे पुन्हा न वाचता येणाऱ्या फाईली. आणि त्याला जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये ती पोचली, कारण त्यांनी तो तयार गठ्ठाच सोर्स म्हणून घेतला. इथे नियम चुकला नव्हता, तो पुरेसा पुढे नेला नव्हता.

एनपीएमनेही २०२३ पासून पॅकेज कुठल्या सोर्सपासून, कुठल्या यंत्रणेवर बनलं याचा पुरावा जोडायची सोय दिली आहे. चांगली सोय आहे. पण मिनिफाइड फाईल सोर्समध्येच आणून ठेवली असेल तर पुरावा एवढंच सांगेल की ‘ही फाईल इथूनच आली’. आत काय आहे हे तेव्हाही कुणालाच माहीत नसेल.

म्हणून माझं मत असं. प्रत्येक लायब्ररीचं वेगळं पॅकेज हवंच, हा आग्रह परिस्थिती पाहून सैल करता येईल. ‘फाईल सोर्सपासून पुन्हा बनवता आली पाहिजे’ हा आग्रह मात्र सोडू नये. पहिली गोष्ट सोयीची आहे. दुसरी सोडली तर ओपन सोर्स म्हणजे फक्त लायसन्सची एक ओळ उरते.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या फोनवर हे रोज चालतं. बऱ्याच अॅप्सचा मोठा भाग म्हणजे आत भरलेलं जावास्क्रिप्टचं बंडल असतं. ‘एफ-ड्रॉइड’ हे अँड्रॉइडचं मुक्त अॅप स्टोअर बहुतेक अॅप्स स्वतः सोर्सपासून बनवून देतं, डेव्हलपरने पाठवलेली तयार फाईल तशीच पुढे ढकलत नाही. त्यामुळे तिथे अपडेट कधीकधी उशिरा येतं. तो उशीर कशाचा, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल, कॉलेजचा प्रोजेक्ट का असेना, तर चार सवयी आजच लावून घ्या:

१. ‘मिन डॉट जेएस’ गिटमध्ये टाकू नका. मूळ फाईल ठेवा आणि मिनिफाय करायची कमांड लिहून ठेवा.

२. कुणाची लायब्ररी घेतलीत तर नाव, आवृत्ती आणि कुठून घेतली हे नोंदवा. तिच्यात बदल केलात तर तोही लिहा.

३. मिनिफाय करताना लायसन्सची टीप उडत नाही ना, ते बघा. एमआयटी लायसन्स अगदी सैल आहे, पण लेखकाचं नाव आणि अटी सोबत ठेवा एवढं ते मागतंच.

४. लॉकफाईल जपून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी बनवायला घेतलं तर त्याला त्याच आवृत्त्या मिळतील.

एक सोपी परीक्षाही आहे. तुमचा प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर नव्याने उतरवा, सगळ्या मिनिफाइड फाईली डिलीट करा आणि पुन्हा बनवून बघा. बनला तर छान. नाही बनला, तर उद्या तुमच्या कॅलेंडरमध्ये मराठी महिने बसवायला येणाऱ्या कुणाचे तरी दोन रविवार फुकट जाणार आहेत.